बटाट्याच्या पातेल्यासकट

क्रेसेन्झ आठवडाभर नुसत्या पातळ सूपवर राहिली होती. ‘ग्राफ झेपेलिन’ या गॅसवर तरंगणाऱ्या हवाई जहाजाच्या चाचणी-फेरीत तिला जागा मिळाली होती. गाईच्या आतड्यांच्या पातळ कातड्या चिकटवून जहाजाच्या गॅसच्या पिशव्या बनवणाऱ्या बायकांपैकी ती एक. "तू चढलीस तर एक इंजिन उतरवावं लागेल गं," शेजारी काम करणारी धिप्पाड वालबुर्गा गमतीनं म्हणाली, आणि या बयेनं ते मनावर घेतलं. रविवारी तिचं लग्न होतं. लग्न झालेल्या बाईला तिथं कामावर ठेवत नसत, आणि तिकीट काढून उडायची तिची ऐपत नव्हती. आज नाही तर कधीच नाही.

सकाळी फ्रीडरिशहाफेनच्या मैदानावर सरोवराकडून दाट धुकं आलं होतं. जहाजाचे दोर धरून ते जमिनीवर रोखणाऱ्या दोरवाल्यांनी ते शेडबाहेर काढलं. क्रेसेन्झ सगळ्यांच्या शेवटी आत शिरली. मग रिवाजाप्रमाणे उमेनहोफर मिस्त्रींनी दोर सैल सोडायला सांगून जहाज तोललं, म्हणजे ते आपणहून उचललं जातंय का ते पाहिलं. ते जागचं हलेना. दवानं भिजून कापड जड झालं होतं.

"शेवटी आलेल्यानं उतरायचं," मिस्त्री म्हणाले.

"अहो मिस्त्री, मी आठवडाभर धड जेवले नाहीये."

"ते धुक्याला सांग, पोरी."

उतरताना तिला रडूही येत होतं आणि मिस्त्रींचा रागही येत होता. खाली वालबुर्गा दोरवाल्यांच्या जेवणाचं भलंमोठं पातेलं घेऊन उभी होती. आत बटाट्याची कोशिंबीर होती.

"खा दोन घास."

"तूच गीळ."

तेवढ्यात धुकं फाटलं. कडक ऊन थेट जहाजाच्या पाठीवर पडलं, पिशव्यांमधला गॅस तापून फुगला आणि मघाचं ते जडशीळ धूड वर निघालं. दोरवाल्यांच्या टाचा उचलल्या गेल्या.

"वजन आणा, लवकर!" मिस्त्री ओरडले.

क्रेसेन्झ जिवाच्या आकांतानं दाराशी धावली. मिस्त्रींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"उपास करून काटकी झालीयेस. तुझ्यानं काय होणार? वालबुर्गा, तू चल."

वालबुर्गा एक पाऊल पुढे आली. तिचे डोळे चमकत होते. मग तिनं क्रेसेन्झकडे पाहिलं आणि हातातलं पातेलं तिच्या कवेत कोंबलं.

"घ्या मिस्त्री. आता भरली का माझ्याएवढी? मी काय, इथंच आहे. मला कोण लग्न करून नेतंय!"

मिस्त्रींना हसू आवरेना. "चढ."

"आमचं जेवण चाललं की," एक दोरवाला म्हणाला, पण तोवर दोर सुटले होते.

छपरं खाली गेली, चर्चचे दोन्ही मनोरे खाली गेले, आणि सगळं सरोवर एकदम उजळून समोर आलं. आपण चिकटवलेल्या कातड्या आपल्यालाच उचलून नेताहेत, या विचारानं क्रेसेन्झला आनंदानं वेड लागायची पाळी आली. तशी पोटातल्या कावळ्यांनीही कोकलायला सुरुवात केली.

"हे खाल्लं तर वजन कमी होईल का हो?" तिनं शेजारच्या तंत्रज्ञाला विचारलं.

"पातेल्यातलं पोटात गेलं, तर जहाजाला काय कळतंय?"

तिनं भराभर घास घ्यायला सुरुवात केली आणि खिडकीतून खाली पाहिलं. मैदानावर वालबुर्गा दोन्ही हात हलवत होती. इतक्या उंचावरून ती मुळीच धिप्पाड दिसत नव्हती. क्रेसेन्झला तिचे मघाचे चमकलेले डोळे आठवले आणि तिचा हात पातेल्यातच थांबला.