आप्पाजींच्या खड्याला दात

प्रणीत हे लिहून ठेवणारच नव्हता. गोष्टीत मुतखडा आहे, घुबड आहे आणि घरमालक आहेत. तिघांपैकी एक तरी रागावणारच. पण लिहिलं. आता काय व्हायचं ते होवो.

तर बेंगळुरात बसवनगुडीतला एक कल्याणमंडप, म्हणजे लग्नाचा हॉल. रविवारची सकाळ, आत मुंगीलाही जागा नाही. स्टेजवर मरुबाबा. ढगळ बाह्यांचा भगवा झगा, मुठीवर घुबड. प्रणीत मुतखड्याने बेजार झालेल्या आप्पाजींना स्कूटरवरून घेऊन आलेला. तो निपाणीचा, आप्पाजींच्या माडीवर भाड्याने राहतो. आप्पाजी म्हणजे पिढ्यानपिढ्या बेंगळुरात मुरलेला मराठी माणूस. रोज संध्याकाळी दोघांची कॉफी आणि भांडण ठरलेलं.

"हे साधंसुधं घुबड नव्हे!" बाबा गरजले. माईक मध्येच चूं चूं करत होता. "थेट जैसलमेरच्या वाळवंटातलं! जन्मात पाण्याचा थेंब नाही! वारा खातं, आणि भक्ताचा मुतखडा स्वतःच्या पोटात ओढून घेतं!"

आप्पाजी पुढे बसले. बाबांनी बाही फडकवली. घुबडाने मान ताणली, डोळे मिटले, चोच वासली, आणि थप्प! आप्पाजींच्या ओंजळीत करडा गोळा.

"निघाला खडा! आता घुबडासारखं राहायचं. पाणी वर्ज्य. घसा सुकलाच तर पळीभर तीर्थ!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. प्रणीतनेही वाजवल्या. खरंच वाजवल्या.

डॉक्टरांनी सांगितलेलं, भरपूर पाणी प्या. आप्पाजींनी तांब्या पालथा घातला आणि गोळा चांदीच्या डबीत घालून देवापुढे ठेवला. चारच दिवसांत कंबर धरून लोळायला लागले.

"खडा तर बाहेर आलाय की रे तम्मा! मग दुखतंय काय?"

प्रणीतने ग्लास पुढे केला. आप्पाजींनी ओठ घट्ट मिटले. आता मात्र तो घाबरला आणि त्याने त्यांच्या मुलीला, संहिताला बोलावलं. ती पक्ष्यांची डॉक्टर. राजस्थानात वाळवंटातली घुबडं काय खातात ते बघत महिनोन्‌महिने हिंडून आलेली. आली ती थेट देवघरात. गोळा कोमट पाण्यात टाकला आणि केसांतल्या पिनेने सोडवायला बसली.

"आप्पाजी, तुमच्या खड्याला केस आहेत."

"असतील. वय झालं."

"दात पण आहेत."

आप्पाजी उठून बसले.

"आणि ही शेपटीची हाडं."

"अय्यो! माझ्या पोटात उंदीर कधी गेला?"

"तुमच्या नाही, घुबडाच्या. ते उंदीर अख्खा गिळतं. हाडं, केस पचत नाहीत, त्यांचा गोळा होतो. तो ओकल्याशिवाय पुढचा घास आत जात नाही. नवा उंदीर दाखवला की पुष्कळदा लगेच ओकतं."

प्रणीतने कपाळावर हात मारला. "ती चूं चूं माईकची नव्हती. बाहीतली होती!"

"पण ते पाणी पीत नाही, ते?" आप्पाजींचा शेवटचा किल्ला.

"वाळवंटातली घुबडं उंदीर, सरडे, भुंगे, विंचू खातात. त्या मांसातच पाणी असतं. तुम्ही खाता विंचू?"

"छे! मी पुळियोगरे खातो, चिंचेचा भात."

"मग?"

आप्पाजींनी पालथा तांब्या सुलटा केला. "सरी, बरं," ते म्हणाले, "स्वल्प पाणी दे."

पुढच्या रविवारी प्रणीत पहिल्या रांगेत. बाबांनी बाही फडकवली तशी त्याने ती धरून झटकली. उंदीर टुणकन खाली! बायका खुर्च्यांवर, पुरुष बायकांच्या मागे. "वारा खाणाऱ्या" घुबडाने झेप घेतली आणि सगळ्यांसमक्ष उंदीर अख्खा गट्ट केला. बाबा मागच्या दाराने पसार. घुबड वनखात्याने नेलं.

एवढंच सांगायचंय. खडा असो की बाबा, हात जोडण्याआधी कोमट पाण्यात भिजवून बघावा. आणि दुखलं तर डॉक्टरकडे जावं.

आप्पाजी अजून कुरकुरतात. "मी एकट्यानेच म्हशीसारखं पाणी ढोसायचं होय रे?"

"शप्पथ आप्पाजी," प्रणीत म्हणाला, "खडा पडेपर्यंत तुम्ही जेवढे ग्लास प्याल तेवढे मीही पिईन. आणि बाथरूमला पहिला नंबर कायम तुमचा."