पट्टूसाठी घेतलेलं पाप

सुंदररावांच्या घरातलं मांजर हे अंबुजाबाईंचं मांजर, ही गोष्ट साऱ्या गल्लीला पाठ होती. पाठ करून घेतली होती ती खुद्द सुंदररावांनीच. रेल्वेच्या मालगुदामाच्या कचेरीत उभी हयात घालवलेला हा गृहस्थ दिवसातून निदान एकदा ओसरीवर उभा राहायचा आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या जुन्या तंजावरी मराठीत गर्जायचा, "हें मार्जार तरी राहील या घरांत, नाहीं तर मी तरी!" मग हातातली काठी भिरकावायचा. काठी खांबाला लागायची आणि मांजर जांभई द्यायचं.

मांजरीचं नाव पट्टू. तामिळात पट्टू म्हणजे रेशीम, आणि इथे कुंभकोणात लाडक्या लेकींनाही पट्टूच म्हणतात. ही पट्टू पिवळसर, गुबगुबीत आणि महाआळशी होती. सुंदररावांचं पूजेचं सोवळं वाळत घातलं की तिला नेमकी त्यावरच झोप यायची.

आता खरं काय ते सांगून टाकतो. पहाटे अंबुजाबाई पुढच्या दारात सडा घालून रांगोळीला बसल्या, की सुंदरराव मागच्या दाराने हळूच विहिरीपाशी जात. हातात बशी, बशीत आदल्या रात्रीच्या दुधाची साय. पट्टू आधीच येऊन बसलेली असे. ती साय चाटायची आणि सुंदरराव तिच्याशी बोलायचे. दिल्लीतल्या मुलाचं पत्र आलं नाही हे तिला सांगायचे, गुडघा काय म्हणतो तेही सांगायचे. जगात दुसऱ्या कुणाशी ते एवढं बोलत नसत. पुढच्या दारी बादली वाजली की बशी धुऊन कोनाड्यात जायची आणि साहेब पुन्हा भुवया चढवून ओसरीवर हजर.

नशीब त्यांचं थोर, म्हणून अंबुजाबाईंची रांगोळी गल्लीत सर्वांत मोठी असे. ठिपके वाढत वाढत ती शेजारच्या गंगाबाईंच्या पायरीपर्यंत पोचली होती, आणि गंगाबाईंच्या पोटात त्यावरून रोज दुखायचं.

एके दिवशी पहाटे पट्टू आली नाही. बशी हातात धरून सुंदररावांनी परसात शोधलं, तर केळीच्या बुंध्याशी ती पडलेली. अंग गार. मागच्या पायावर सापाच्या दातांच्या खुणा होत्या. ते खाली बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी कुदळ घेतली, लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणला आणि सगळं उरकून घरात येऊन एवढंच म्हणाले, "तुझें मांजर गेलें."

सापाचं सांगायचं राहून गेलं. आणखी एक शब्द बोलले असते तर रडू फुटलं असतं.

अंबुजाबाई मोकळेपणाने रडल्या. बायका आल्या, कॉफी झाली, पट्टूच्या आठवणी निघाल्या. सुंदररावांकडे कुणी फिरकलं नाही. का फिरकावं? त्यांची तर डोकेदुखी गेली होती! पोस्टमन तर हसत हसत अभिनंदन करून गेला.

सुंदररावांना रडायचं होतं. चारचौघांत, हमसून रडायचं होतं. पण इतकी वर्षं घसा फोडून ज्या मांजरीला शिव्या दिल्या, तिच्यासाठी आता कोणत्या तोंडाने रडणार? बिचारे ओसरीवर चुन्याशिवायचं पान चघळत बसून राहिले.

एवढ्यात गंगाबाईंनी तोंड उघडलं. "काल सोवळ्यावर निजली म्हणून तुम्हीं काठी फेकिली होती नव्हे? मी पाहिलें."

झालं! सगळ्या माना सुंदररावांकडे वळल्या. गल्लीतले भटजी गुरुमूर्ति आचार नुकतेच पंचांग घेऊन आले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "सुंदरराव, महामहमाच्या पर्वणीस तळ्यांत बुडी मारून सारें पाप धुतलेंत, त्याला वर्ष देखील झालें नाहीं! मार्जारहत्या म्हणजे लहान पाप काय? काशीस सोन्याचें मांजर दान द्यावें लागतें."

सुंदरराव ताडकन उठले. "मी नाहीं..." एवढं ते म्हणाले, तोच आचारांनी सुरात पुढे चालू केलं, "काशी लांब, पण आपली कावेरी जवळ आहे. आणि हें पितळेचें गांव. पितळेचें मांजर चालेल. एक दिवस उपास, कावेरीचें स्नान, आणि त्या जीवाचें नांव घेऊन चारचौघांदेखत क्षमा मागावी. डोळ्यांस पाणी आलें तर उत्तम, पाप लवकर धुतें."

सुंदरराव तसेच उभे राहिले. उपास. स्नान. चारचौघांदेखत तिचं नाव. डोळ्यांना पाणी, आणि ते आलं तर उत्तम! पट्टूसाठी जे जे करावंसं वाटत होतं, ते सगळं या माणसाने एका दमात त्यांच्यापुढे ठेवलं होतं. फक्त दार पापाचं होतं.

"मीच मारिलें," सुंदरराव म्हणाले.

आत अंबुजाबाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं आणि कॉफीचे पेले उचलले.

दुसऱ्याच दिवशी सुंदरराव ओतकाम करणाऱ्या स्वामीनाथकडे गेले. स्वामीनाथ आधी मेणाचा नमुना करी, मग त्यावरून पितळ ओती. त्याने तामिळात विचारलं, "मांजर उभं की बसलेलं?"

"बसलेलं. डावा पाय पोटाखाली घेऊन. उजवा नव्हे, डावा!"

"बरं."

"कान एवढे ताठ नकोत. उजव्याला वरून जरा चीर हवी, लहानपणी बोक्याशी भांडली होती. आणि शेपटीचं टोक वळलेलं पाहिजे. पोट आणखी. आणखी! साय खाणारी होती ती."

स्वामीनाथने मेण खाली ठेवलं. "साहेब, तुम्ही पापाचं मांजर करायला आलात की लेकीचं स्थळ सांगायला?"

सुंदररावांनी काठी उगारली. स्वामीनाथ हसला आणि त्याने मेणाचं पोट वाढवलं.

प्रायश्चित्ताच्या दिवशी कावेरीच्या पायऱ्यांवर अर्धी गल्ली जमली. एवढं पाप फुकट पाहायला कुणाला नको? उपाशी सुंदरराव ओल्या पंच्याने बसले, मांडीवर पितळेची पट्टू. हुबेहूब झाली होती. अंबुजाबाईंनी ती पहिल्यांदाच पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

आचारांनी संकल्प सुरू केला. "मयताचें नांव?"

"पट्टू."

"गोत्र?" आचार सवयीने पुसून गेले आणि जीभ चावली.

"आमचेंच," सुंदरराव म्हणाले. "भारद्वाज."

कुणीतरी फिस्कन हसलं. पण सुंदररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते थांबेना. आचार खूश झाले. "उत्तम, उत्तम! आतां द्या."

सुंदररावांनी मांजर आचारांच्या हातावर ठेवलं, पण स्वतःचा हात काही काढला नाही. आचारांनी हळूच ओढलं. सुंदररावांनी घट्ट धरलं. आचारांनी जोर लावला.

"आचार, सोडा त्यांना," अंबुजाबाई म्हणाल्या. "यांनीं कांहीं मारिलें नाहीं. इतक्या वर्षांत यांची काठी खांबावांचून कोणाला लागली आहे काय?"

"मग कबूल कशास केलें?"

"रडावयास." अंबुजाबाई पायरी उतरून नवऱ्याशेजारी बसल्या. "अवो, साय रोज कमी होई तें मला कळत नव्हतें काय? पहिल्या दिवशीं रांगोळी लवकर आटपून मागें आलें, तर तुम्ही तिच्याशीं बोलत होतां. मुलाचें, गुडघ्याचें. तशीच परत फिरलें, आणि ठिपके वाढविले. तुमचें बोलणें लांबूं लागलें, तशी मी रांगोळी वाढवीत गेलें. बोलणें संपल्याचा कानोसा घेऊन मग बादली वाजवीत होतें."

सुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. "साप," ते कसेबसे म्हणाले. "सापानें चाविलें तिला. पायावर खुणा होत्या." आणि मग त्यांना जसं रडायचं होतं तसे ते रडले, बायकोच्या खांद्यावर, अर्ध्या गल्लीदेखत. गंगाबाईंनीही डोळे पुसले.

आचारांनी पंचांग मिटलं. "न केलेलें पाप कबूल करणाऱ्यास कोणतें प्रायश्चित्त, तें शोधावें लागेल," ते म्हणाले. "तोंवर हें मांजर तुमच्याच घरीं ठेवा. माझ्या घरीं उंदीर नाहींत."

दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीपाशी पितळेची पट्टू बसली होती. तिच्या एका बाजूला सुंदरराव होते, दुसऱ्या बाजूला अंबुजाबाई, आणि मुलाच्या पत्राची गोष्ट सुंदरराव आता बायकोला सांगत होते.

पुढच्या दारात त्या दिवशी चारच ठिपक्यांची रांगोळी होती. ती पाहून गंगाबाई घाबऱ्या घाबऱ्या धावत आल्या, अंबुजाबाईंना बरं नाही की काय म्हणून.