तोफेची टोपी

"बाबा, आत बसल्यावर उकडायचं किती?" रणगाड्याच्या पोलादावर हात ठेवून जावयानं विचारलं.

"विचारू नका," सासरेबुवा म्हणाले.

जावयानं आदरानं मान डोलावली आणि खरोखरच पुढे विचारलं नाही. सकाळपासून युद्धसंग्रहालयात हेच चाललं होतं. दोन दालनं या एका वाक्यावर निभावली होती, आणि अजून तीन शिल्लक होती.

जावई विमा कंपनीत कागदांना शिक्के मारायचा. सुट्टी पडली की लोक समुद्राकडे धावतात, हा रणगाडे आणि तोफा बघत हिंडायचा. कुठल्या तोफेचा गोळा किती लांब जातो, हे त्याला स्वतःच्या पगारापेक्षा पक्कं पाठ होतं. या खेपेला तो हट्टानं सासू-सासऱ्यांना घेऊन आला होता. "ज्यांनी तोफा चालवल्या त्यांच्यासोबत तोफा बघायचं भाग्य कितीजणांना लाभतं?" असं तो गाडीत तीनदा म्हणाला, आणि तिन्ही वेळा सासरेबुवांना ठसका लागला.

मुळात सासरेबुवा खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. लग्नाच्या बैठकीत मुलानं विचारलं होतं, "आपण सैन्यात कुठे होतात?" ते म्हणाले, "तोफखान्यात." हे खरंच होतं. "कुठल्या तोफेवर?" "सगळ्याच." हेही खरंच होतं, कारण त्या तळावरच्या एकूण एक तोफेची ताडपत्री त्यांनी शिवली होती. ते तोफखान्याचे शिंपी होते. एवढं एक वाक्य ओठांवर आलंही होतं. पण मुलाचे डोळे असे काही लकाकले की ते वाक्य चहाच्या घोटाबरोबर पोटात गेलं आणि सहा वर्षं तिथेच राहिलं. लेकीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. घरातलं शिलाई मशीन रातोरात सासूबाईंच्या नावावर झालं, आणि त्यांना तर साधं बटण लावता येत नव्हतं. सासरेबुवांना जन्मात कोणी एवढ्या मानानं वागवलं नव्हतं. पलटणीत त्यांना हाक यायची ती फाटक्या विजारीसाठी. सहा वर्षांत त्यांना या मानाची सवय झाली होती, आणि ती आज सुटणार अशी लक्षणं दिसत होती.

तिसऱ्या दालनात माहिती सांगायला एक म्हातारा निवृत्त गोलंदाज होता. तोफेनं त्याचा एक कान कायमचा ठेवून घेतला होता, त्यामुळे तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायचा. जावयानं सासरेबुवांना हौसेनं त्याच्यापुढे उभं केलं.

"हे माझे सासरे. तोफखान्यातच होते."

"वा! कुठल्या तोफेवर?"

"ते दिवस वेगळे होते," सासरेबुवा पुटपुटले.

"काय?"

"ते दिवस वेगळे होते!"

दालनातली सगळी माणसं वळून बघू लागली.

"दिवस असू द्या हो," गोलंदाज म्हणाला. "तोफ कुठली?"

सासूबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "चला, तिकडे प्यायचं पाणी आहे." पण सासरेबुवांची नजर दालनाच्या मधोमध असलेल्या मोठ्या तोफेवर खिळली होती. नळीच्या तोंडावर ताडपत्रीची टोपी होती. तिला विरळ टीप घातलेली, काठ उसवलेला, आणि वरून सुतळीनं पोत्यासारखी आवळलेली.

"ही कोणी शिवली?" त्यांचा आवाज एकदम बदलला.

"टोपी होय? बाहेरून आणली कुठून तरी. टोपीत काय बघायचंय?" गोलंदाज म्हणाला. "या टोप्यांनी आमचा जीव खाल्ला होता. थंडीनं बोटं बधिर, हुकूम सुटलेला, आणि टोपी काही निघत नाही. शत्रूला नाही दिल्या तेवढ्या शिव्या आम्ही त्या शिंप्याला दिल्या."

जावई हसला. सासरेबुवाही हसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण माणूस बाकी सगळं गिळतो, आपल्या कामाला ठेवलेलं नाव गिळत नाही.

"त्या पहिल्या खेपेच्या," ते ताडकन म्हणाले. "ताडपत्री भिजली की आखडते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी काठ दोन बोटं सैल ठेवला आणि खाली ओढायला पट्टी लावली. पट्टीवाल्या टोपीला कोणी शिवी दिली असेल तर सांगा मला!"

गोलंदाजानं चांगल्या कानामागे हात धरला. मग तो जवळ आला आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "मास्तर? ती पट्टी तुमची? एका हिसक्यात निघायची हो."

जावयाचं हसू विरलं होतं. तो कधी सासऱ्यांकडे, कधी तोफेकडे बघत होता.

"मी तोफ कधी डागली नाही," सासरेबुवा खाली बघत म्हणाले. "मी शिंपी होतो. सांगायचं राहून गेलं."

"सहा वर्षं?"

"हो. राहूनच गेलं."

"आणि ते मशीन माझं नाही," सासूबाईंनीही हात धुऊन घेतले. "लोक माझ्याकडे ब्लाउज घेऊन यायला लागले होते."

जावई पुढच्या दालनात निघून गेला. सासरेबुवांना फार वाईट वाटलं. त्यातल्या त्यात एक बरं झालं, आता उकाड्याबद्दल कोणी विचारणार नव्हतं.

गोलंदाजानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, ही टोपी नीट करता का? माझी फार दिवसांची तक्रार आहे, ऐकतंय कोण." त्यानं कपाटातून जाड सुई आणि मेणाचा दोरा काढून दिला. सासरेबुवा तोफेखालच्या ओट्यावर बसले. टोपी मांडीवर घेतली. हात अजून तयार होते, डोळे मात्र दगा देत होते. दोरा चार वेळा सुईच्या शेजारून गेला.

पाचव्या वेळी समोर चकचकीत बूट येऊन थांबले. जावई कडक इस्त्रीच्या पँटनं तसाच फरशीवर बसला, आणि त्यानं त्यांच्या हातातला सुईदोरा काढून घेतला.

"दोऱ्याचं टोक आधी चपटं करा," सासरेबुवा म्हणाले.

जावयानं नखानं टोक चपटं केलं, एक डोळा मिटला आणि सुई खिडकीच्या उजेडाकडे धरली. त्याचाही नेम चुकला.

"होतं असं. पुन्हा धरा," सासरेबुवा म्हणाले, आणि उसवलेला काठ बोटांनी सरळ करत वाट बघत राहिले.