रुक्मिणीच्या दारचं बोलावणं

मित्रांनो, मी एक जुनी कोयरी आहे, आणि मला ऐकू येतं. कैरीच्या आकाराची, पितळेची. एका खणात हळद, दुसऱ्यात कुंकू. देवळातल्या फुटक्या घंटेच्या पितळातून मला ओतलं, म्हणून कान असे तिखट, की मुंगी शिंकली तरी कळतं. खोटं वाटलं तर वाटू दे.

मुलुंडच्या चाळीत मी सुनंदाबाईंच्या लग्नात आले. संक्रांत झाली की त्या मला हातात घेऊन दारोदार हळदीकुंकवाचं बोलावणं करायच्या. कुंकू लावायचं, "संध्याकाळी या हं" म्हणायचं. केवढं कौतुक व्हायचं माझं!

छप्पन सालाच्या सुमारास शेवटच्या खोलीत रुक्मिणी राहायला आली. कारवारकडच्या यल्लापूरची सिद्दी. तिच्या खापरपणजोबांना कुणी जहाजात कोंबून आफ्रिकेतून आणलं होतं. ती मात्र यल्लापूरच्याच जंगलातल्या खेड्यात जन्मलेली. केस कुरळे, रंग काळाभोर, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला.

चाळीतल्या बायका तिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलत नसत. तिथंच मला संशय आला.

"काळी असली तरी किती स्वच्छ गं!"

"हसते पण गोड. फक्त आपल्या बायकांत तिला अवघडल्यासारखं होईल."

"हो ना, बिचारी. कशाला उगाच बोलवा?"

बिचारीला कुणी विचारलं नाही. संक्रांतीच्या दिवसांत ती नवं लुगडं नेसून दार उघडं ठेवायची, आणि सुनंदाबाई अलीकडच्याच खोलीवरून मागे फिरायच्या. दोन वर्षं हेच चाललं.

तिसऱ्या वर्षी महिला मंडळाच्या वनमालाबाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक काळ्या माणसांना वेगळ्या बाकावर बसवतात, त्याच्या निषेधाचा ठराव आमच्या हळदीकुंकवातच करायचा होता. आणि बोलावणं करता करता सुनंदाबाई पुन्हा तिथूनच वळल्या!

मग मी उडी मारली. टुण्णकन! गॅलरीभर गडगडत गेले, वाटेतली बादली चुकवली आणि थेट रुक्मिणीच्या उंबऱ्यावर पालथी पडले. सुनंदाबाई म्हणतात, हातातून निसटली. म्हणू देत.

सवाष्णीच्या दारात सांडलेलं कुंकू, तिला न लावता उचलायचं कसं? सुनंदाबाईंनी चिमूटभर घेऊन तिच्या कपाळाला टेकवलं, आणि सवयीनं तोंडातून निघूनच गेलं, "संध्याकाळी या हं."

"येते की!" रुक्मिणी म्हणाली.

संध्याकाळी वनमालाबाई झकास बोलल्या. माणूस एक, रक्त एक. टाळ्या, ठराव मंजूर. मग त्यांनी रुक्मिणीकडे बोट केलं. "आमच्यात नाही हो असलं काही! बघा, या बाईलासुद्धा बोलावलंय. ऊठ गं, दिसू दे सगळ्यांना."

रुक्मिणी उठली. "बाई, मला बोलावलंत, का दाखवायला आणलंत?"

तिनं मला उचललं. "आज कुंकू मी लावते. जिला नको असेल तिनं सरळ नको म्हणावं. गोड बोलू नये."

"अगं, माझं आत्ताच लावून झालंय," वनमालाबाई हसल्या.

"मला ना, घामोळं उठलंय कपाळावर," दुसरी म्हणाली. ऐन थंडीत घामोळं!

तिसरीला एकदम घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. 'नको' एवढं मात्र एकीच्याही तोंडून निघेना.

रुक्मिणी मला खाली ठेवणार, तेवढ्यात सुनंदाबाई पुढं आल्या. "मला लाव गं. तू अवघडशील म्हणत होते मी. अवघडत मीच होते."

रुक्मिणीनं लावलं. चांगलं रुपयाएवढं लावलं. वनमालाबाई टांग्यात बसून गेल्या.

आता मी कपाटात हिरवी पडत चाललेय. स्टीलचे करंडे आले, मला कोण विचारतो? मित्रांनो, मला चिंच लावून घासा, पुन्हा वापरा. पण मला घेऊन एखादं दार ओलांडून पुढं जाणार असाल, तर त्याचं कारण त्या दारात उभं राहून मोठ्यांदा सांगा. सांगवत नसेल, तर कडी वाजवा.