समुद्राकडचा तिसरा खांब

बंदरावरच्या जुन्या गोदामाचं म्हातारपणी नशीब उघडलं. इतकी वर्षं तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं. आता ते वारसा ठरलं, आणि वारसा ठरल्याबरोबर तिथे कॉफीचं दुकान काढायचंही ठरलं. आतले लाकडी खांब तासून, घासून, पॉलिश करायचं काम सुताराला मिळालं.

हे कळलं तसा त्याच्या आईचा चेहरा पालटला. "बाकी काय करायचं ते कर," ती म्हणाली. "समुद्राकडच्या दारापासून तिसरा खांब, त्याला तेवढा हात लावू नकोस."

का, ते त्याला ठाऊक होतं. हमाल पोती उचलायचे ती लोखंडी आकड्याने, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. पोत्यांची थप्पी कोसळून कुणी गेला की टोळीतली माणसं त्याचा आकडा जवळच्या खांबात ठोकायची आणि त्या जागी पुन्हा थप्पी लावायची नाहीत. सुताराचा बाप असाच गेला, हा अंगावर पीत होता तेव्हा. बायकांना गोदामात मज्जाव होता, पण आकडा ठोकायच्या दिवशी आईला आत नेलं होतं. घरात बापाचा एक फोटो नाही. कसे होते म्हणून विचारलं की आई "उंच होते" म्हणायची आणि भांडी आदळायची. त्या माणसाचं जगात काही उरलं होतं ते खांबात. पोरगा हमाल होऊ नये म्हणून तिने त्याला सुतारकामाला घातलं, पण त्याच्या कामाला कधी तोंडभरून बरं म्हटलं नाही.

खांबांवर लोखंड राहता कामा नये, गिऱ्हाइकाला लागेल, असं इंजिनीअर बाईंनी बजावलं. सुताराने हातापाया पडून एका आकड्यापुरती परवानगी मिळवली. पाण्याकडच्या दारापासून तिसरा खांब मोजला, त्याला गोणपाट गुंडाळलं, आणि बाकीच्यांवर तुटून पडला. आकडे भंगारात गेले, वितळलेही. भोकांत त्याने सरस आणि भुसा भरला, लाकडाच्या रेषेला रेषा जुळवली, अगदी जीव ओतला. हेही कुणाचे तरी बापच, असं मनात आलं नाही असं नाही. पण स्वतःचा बाप गोणपाटात सुखरूप असला की माणसाला बाकीच्यांचं फार लागत नाही.

काम संपलं तसा तो आईला घेऊन आला. गुडघ्यांमुळे ती हळू चालत होती. आत आल्यावर जरा थांबली, आणि पाण्याकडे पाठ करून रस्त्याकडच्या दाराच्या दिशेने निघाली.

"आई, तिकडे कुठे? समुद्र इकडे आहे."

"आता आहे," आई म्हणाली. "तेव्हा या बाजूला होता. जहाजं या दाराशी लागायची. तू रांगत होतास तेव्हा बुजवून रस्ता केला, आणि तिकडे खणून पाणी आत घेतलं, नवीन धक्का बांधला."

सुताराने दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. जन्मभर तो त्या रस्त्यावरून ये-जा करत आला होता. खाली समुद्र होता हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आईला ती सांगायची गोष्ट वाटली नव्हती.

ती तिसऱ्या खांबापाशी पोचली होती. हात उंच करून चाचपत होती.

"इथेच होता रे."

"मी उलट्या बाजूने मोजलं, आई."

आईने वळून पलीकडच्या गोणपाटाकडे पाहिलं. "मग तो कुणाचा?"

"माहीत नाही."

"असू दे तिथेच. त्याचंही कुणी असेल."

मग ती म्हणाली, "निदान भोक तरी दाखव."

सुताराने मोबाइलचा उजेड पाडला. खांबाभोवती फिरला, नखाने खरवडून पाहिलं, लाकडाला गाल लावून तिरकं पाहिलं. बुजवलेली जागा त्याची त्यालाच सापडेना. त्याला रडू फुटलं.

"राहू दे," आई म्हणाली. तिने त्या गुळगुळीत लाकडावरून तळवा फिरवला, वरून खाली, पुन्हा वर. "चांगलं केलंयस काम. काही म्हणजे काही कळत नाही."

आणि खांबाला हात तसाच ठेवून ती खाली बसली.