सुंदराबाईची पाठ

परिचारिका दिनाला घाटकोपरच्या त्या इस्पितळात दरवर्षी एका सिस्टरला शाल आणि श्रीफळ मिळायचं. त्र्याऐंशी साली मेट्रनबाईंनी प्रेमाचं नाव जाहीर केलं आणि ते शेवंतीच्या मनाला लागलं.

दोघी एकाच बॅचच्या, बायकांच्या एकाच वॉर्डात. प्रेमाकडे पडून पडून पाठीला झालेली मोठी जखम घरूनच घेऊन आलेली एक म्हातारी होती. प्रेमाने रोज ड्रेसिंग करून ती जखम भरून आणली. डॉक्टर बघून गेले, शिकाऊ मुलींना दाखवलं, फोटो निघाले. समोरच्या रांगेत शेवंतीची सुंदराबाई दिवाळीपासून अर्धांगवायूने पडून होती. शेवंती तिची कूस वेळच्या वेळी बदलायची, पाठीला स्पिरिट-पावडर लावायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही. सुंदराबाईच्या पाठीवर साधा डाग नव्हता. ती पाठ बघायला कोण येणार?

"जखम होऊ दिली नाही, हेच माझं चुकलं बघ," डबा खाताना शेवंती म्हणाली.

"मग होऊ दे ना एक!" प्रेमा हसली. "फोटोवाला मी आणते."

शेवंतीही हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

सत्काराच्या दिवशी सुंदराबाईची कूस बदलायची वेळ झाली तेव्हा शेवंती खाटेपर्यंत गेली, पाण्याचा तांब्या सरळ केला आणि पुढे निघाली. थोडी लाली येईल, राउंडला मेट्रनबाईंना दिसेल, मग आपण ती घालवू. पुढची वेळही तिने तशीच जाऊ दिली.

चार वाजता प्रेमा कडक इस्त्रीच्या साडीत बोलवायला आली. केसांत अबोलीचा गजरा होता. गजरासुद्धा शेवंतीला सहन झाला नाही.

"चल गं, खाली सगळे जमलेत." बोलता बोलता प्रेमा सुंदराबाईच्या खाटेशी थांबली. "ही अजून याच कुशीवर? दुपारी पण अशीच होती ना?"

ती पदर खोचून पुढे झाली.

"हात लावू नकोस," शेवंती ओरडली. "माझी पेशंट आहे."

तिने स्वतःच सुंदराबाईला वळवलं. खुब्यावर लाल चट्टा होता. शेवंतीने त्यावर बोट दाबलं. दाबल्यावर कातडी पांढरी पडायला हवी होती. ती लालच राहिली; जखमेची सुरुवात झाली होती.

प्रेमा वाकून बघत होती. "तुझ्या पेशंटला असा चट्टा? अगं, नव्या मुलींना मी हिचीच पाठ दाखवते. नर्सिंग बघायचं तर इथे बघा म्हणते."

शेवंती तिच्याकडे बघतच राहिली. "मला कधी बोलली नाहीस."

"तुला काय सांगायचं त्यात? तुला माहीतच आहे." प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलीस तू. चल, आल्यावर दोघी बघू."

"तू जा. माझं काम आहे."

प्रेमा गेली. शेवंतीने त्या बाजूला भार येऊ नये म्हणून पाठीमागे उशी लावली आणि स्टूल ओढून बसली. खालून टाळ्या ऐकू आल्या. त्या अजूनही तिला टोचत होत्या.

"आज मला इसरलीस व्हय गं?" सुंदराबाईने जड जिभेने विचारलं.

शेवंतीने चट्ट्यावर पुन्हा बोट दाबून पाहिलं.

"काय झालंय तिथं? जाईल का?"

"बघते," शेवंती म्हणाली. "आज मी इथेच आहे."