तीन ताटांचा फरक

चौसाळ्याच्या पुढं हायवेला कपडे शिवायचा कारखाना हाय. तिथल्या लोकांचं दुपारचं जेवण अकरा वर्षं माझ्याकडंच हाय. वनमालाबाईला माणूस कळतो, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे. आता ते आठवलं की तोंड लपवावं वाटतं.

दिवाळीनंतर कारखाना पुण्याच्या कंपनीनं घेतला. जुने साहेब गेले, तेजश्री मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी नवा नियम काढला. उद्या जेवायचं का न्हाई ते ज्यानं त्यानं आदल्या दिवशी मोबाईलमधी दाबायचं. मला नुसता आकडा येणार, नावं न्हाईत. तेवढीच ताटं आणायची, अन्न वाया घालवायचं न्हाई. आणि मार्चअखेर सगळ्यांचं मत घेऊन ठरणार, ठेका माझ्याकडं ठेवायचा का बीडच्या दुसऱ्या पार्टीला द्यायचा. माझ्याकडं चौदा बाया राबत्यात. ठेका गेला तर त्या घरी बसणार, मीबी बसणार.

मला त्या मोबाईलचा लई राग आला. मी मॅडमला म्हणलं, आकडा कशाला पायजे, माझी माणसं मला तोंडपाठ हायत. अंगद सुपरवायझरचा गुरुवार, तानाजीचा शनिवार, कुणाला वांगं चालत न्हाई, सगळं मला ठाव. मॅडम हसल्या आणि बघू म्हणल्या. ते बघू मला झोंबलं.

मग रमजान आला. कारखान्यात एकशे चौऱ्याऐंशी माणसं, त्यात तेवीस मुसलमान, बाया धरून. आदल्या दिवशी आकडा आला एकशे चौसष्ट. मी बोटावर हिशेब केला. तेवीस जणांचा रोजा, म्हणजे राहिले एकशे एकसष्ट. म्हणलं, घ्या, चुकला का न्हाई तुमचा मोबाईल! मी मोजून एकशे एकसष्ट ताटं नेली आणि मॅडमला मुद्दाम तिथं उभं केलं. दरवर्षी सगळ्यांचं जेवण जायचं आणि उरलेलं आमी वाटून टाकायचो. त्यामुळं रमजानात कोण जेवतं, कोण न्हाई, हे मला कधी बघायची पाळीच आली नव्हती.

एकूण एक ताट बरोबर संपलं. मी फुगून बसले होते. तेवढ्यात रांग मोडल्यावर, सगळ्यात शेवटी, शाहीन आली. बटणाच्या मशीनवरची पोरगी, दोन वर्षांमागं लग्न झालेली, मला मावशी म्हणती. नवी कंपनी आली तवा हीच मशीनमशीनला जाऊन सांगत होती, जेवण मावशीचंच राहू द्या म्हणून. ओढणी पुढं ओढून हळूच उभी राहिली.

मॅडमला ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला. "अगं शाहीन, आज तुझा रोजा न्हाई का?"

पलीकडं कापड कापायच्या टेबलावर तिचा चुलत सासरा जाकीर बसलेला होता. त्यानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. मशीनजवळच्या दोनतीन पोरांनी एकमेकांकडं बघितलं. दारातून दोघी मुसलमान बाया आत येत होत्या, त्या तिथूनच माघारी फिरल्या.

"हाय की, मावशी," शाहीन म्हणाली. "सवयीनं आले."

ती गेली. माझ्याकडं राबणाऱ्या केशरबाईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. कानात म्हणाली, महिन्यातले चार दिवस बाईला रोजा नसतो, एवढंबी ठाव न्हाई का तुला? अगं बाई गं! माझ्याच घरात मी ते चार दिवस बाजूला बसलेली बाई. पाण्याच्या हंड्याला शिवू देत नव्हते मला. कुणी चारचौघात त्याबद्दल इचारलं की कसं मेल्यासारखं होतं ते मला शिकवायला नको होतं. आणि तेच मी पोरीला भर कारखान्यात, पुरुषांच्या देखत इचारलं, तेबी शहाणपण मिरवायला.

तीनच्या सुमाराला आमच्या बायांच्या वाट्याच्या भाकरी डब्यात भरून तिच्या मशीनपाशी गेले. तिनं शिवण थांबवली न्हाई.

"डबा न्या, मावशी. रोजा हाय म्हणलंय मी. आता चाचांसमोर संध्याकाळपर्यंत मला पाणीबी पिता येत न्हाई."

मार्चचं ऊन, वर पत्रा. मी डबा पदराखाली धरून तशीच माघारी आले. मॅडमला सांगितलं, आकडा बरोबर होता, चूक माझी. कशी ते सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासून आकड्याएवढी ताटं न्यायला लागले, आणि झाकलेली काही ताटं केशरबाई गुपचूप बायांच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवून यायची. रिकामी झाली की उचलायची. शाहीन मला भेटली की सलाम करायची, पण मावशी म्हणत नव्हती.

मार्चअखेर मॅडमनी बोलावलं. ठेका तुमच्याकडंच, म्हणाल्या. चवीला, वेळेला, स्वच्छतेला एकशे चौऱ्याऐंशी जणांनी चांगलं लिहिलंय. वागणुकीला एकशे त्र्याऐंशी. एक जण तेवढी एक जागा भरायला विसरला.

"विसरलं न्हाई कुणी, मॅडम," मी म्हणलं. "ती जागा माझ्यामुळंच मोकळी राहिलीय."

का, म्हणून त्यांनी इचारलं. सांगितलं असतं तर त्या पोरीला परत सगळ्यांपुढं उभं केल्यासारखं झालं असतं. मी सही केली आणि मान खाली घालून बाहेर आले.